दोन त्रिकोणांचे मांजर

मांजर काढायला सांगितले, की पुष्कळ मुले डोक्यापासून शेपटीपर्यंत एकच लांब रेघ ओढू लागतात. रेघ चुकते, खोडरबर फिरतो आणि ‘मला चित्र येत नाही’ म्हणून वही मिटते. बालमित्रांनो, रेघेऐवजी आकारांपासून सुरुवात केली तर?

ही युक्ती आपल्या शेजारचीच आहे. डहाणू, तलासरी, जव्हार हे वारली वस्तीचे तालुके पूर्वी ठाणे जिल्ह्यात होते. १ ऑगस्ट २०१४ पासून ते पालघर जिल्ह्यात मोडतात. ठाण्याजवळ येऊरच्या डोंगरावरही वारली पाडे आहेत. लग्नाच्या वेळी वारली सवाशिणी घराच्या भिंतीवर ‘चौक’ लिहितात. भिंत गेरूने किंवा शेणाने सारवलेली, रंग तांदळाच्या पिठाचा आणि कुंचला म्हणजे टोक चावून मऊ केलेली बांबूची काडी. डहाणू तालुक्यातील जिव्या सोमा म्हसे यांनी ही कला कागदावर आणली व जगभर नेली. २०११ साली त्यांना पद्मश्री मिळाली.

वारली चित्रातला माणूस म्हणजे टोकाला टोक लावलेले दोन त्रिकोण: वरचा छातीचा, खालचा कमरेचा. तरीही तो नाचतो, वाकतो, पाणी भरतो. हे कसे साधते? एक प्रयोग करा.

पुठ्ठ्याचे दोन सारखे त्रिकोण कापा. ते आडवे ठेवून एकाचे टोक दुसऱ्याच्या टोकावर आणा व तेथे टाचणी खोचा. एक त्रिकोण मांजराचे खांदे, दुसरा मागचा भाग. आता टाचणीचा सांधा वर उचला. पाठीला कमान येते. कुत्रा पाहून मांजर अशीच पाठ फुगवते. सांधा खाली दाबा. झोपेतून उठून आळस देणारे मांजर दिसेल. त्रिकोण मुळीच बदलले नाहीत, बदलला तो सांध्याचा कोन!

खऱ्या मांजरातही असेच घडते. हाडे वाकत नाहीत, सांधे वळतात. मांजराचा कणा अनेक लहान मणक्यांचा व फार लवचीक असतो. धावताना तो आळीपाळीने वाकतो आणि ताणला जातो, म्हणून ढांग लांब पडते. वाघ-बिबट्याचेही तसेच. वारली लोक ज्या वाघोबाला पूजतात, त्याची मावशीच ही!

आता पुठ्ठ्याभोवती पेन्सिल फिरवून आकृती कागदावर उतरवा. खांद्यापुढे डोक्याचे वर्तुळ, त्यावर कानांचे दोन चिमुकले त्रिकोण, गुडघ्यात मोडलेल्या रेघांचे चार पाय आणि वळणदार शेपूट काढा. बसलेल्या मांजराला एकच उभा त्रिकोण पुरे. त्याच्या टोकावर डोके ठेवा.

पारंपरिक वारली चित्र पांढऱ्या रंगाचे असते. आपण मात्र मांजरे रंगीत करू. डिंकाच्या पाण्यात गेरू कालवला की तांबडा रंग, हळद कालवली की पिवळा, दिव्याची काजळी कालवली की काळा. हळदीत चिमूटभर खाण्याचा सोडा घाला. पिवळा रंग लालसर होईल. सोडा अल्कधर्मी आहे आणि अल्कधर्मी पदार्थाने हळद रंग बदलते. रंग सुकल्यावर तांदळाच्या पिठाच्या पांढऱ्या रेघांनी पट्टे, ठिपके, मिशा काढा.

चित्र खिडकीत उन्हात ठेवा आणि काही दिवस निरीक्षण करा. हळदीचे मांजर फिकट होत जाईल, गेरूचे तसेच राहील. हळदीतील रंगद्रव्य उन्हाने मोडते. गेरूचा रंग लोखंडाच्या ऑक्साइडचा. लोखंडाचा ऑक्सिजनशी संयोग आधीच झालेला असल्याने ऊन त्याचे फारसे काही बिघडवू शकत नाही.

भिंतीवर चौक लिहिणाऱ्या बहुतेक स्त्रियांनी भूमितीचे पुस्तक पाहिले नव्हते. त्यांनी चालणारी, वाकणारी, नाचणारी शरीरे नीट पाहिली होती. तुम्हीही आपल्या चाळीतल्या किंवा इमारतीतल्या मांजराकडे दहा मिनिटे पाहा. त्याचा सांधा कुठे वळतो ते कळले, की पुढचे चित्र पुठ्ठ्याच्या मदतीशिवाय काढून पाहा.