बाळाची गादी : महागड्या 'सेंद्रिय' गादीला परवडणारे पर्याय

घरात मूल येणार म्हटले की आईवडील त्याच्यासाठी चांगल्यातली चांगली वस्तू शोधू लागतात. अलीकडे त्यात 'सेंद्रिय' गादीची भर पडली आहे. तिची किंमत अनेक हजारांत जाते. कोणी ती हप्त्याने घेतो. ज्याला तेही जमत नाही, तो आपण मुलासाठी कमी पडलो म्हणून मनात खंत करतो. ही खंत अनाठायी आहे.

कृत्रिम खते, रासायनिक कीटकनाशके आणि जनुकीय बदल केलेले बियाणे न वापरता पिकवलेला कापूस म्हणजे सेंद्रिय कापूस. 'गॉट्स' या आंतरराष्ट्रीय प्रमाणपत्रानुसार मालावर नुसता 'सेंद्रिय' असा शिक्का हवा असेल तर त्यात किमान ९५ टक्के तंतू प्रमाणित सेंद्रिय असावे लागतात. हा शिक्का पोकळ नाही. २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन अनेक शेतकरी व शेतमजूर दगावले. सेंद्रिय शेतीचा पहिला लाभ अशा फवारणी करणाऱ्यांना आहे. मात्र त्या गादीवर बाळ सुरक्षित झोपेल की नाही, हे त्या शिक्क्यावरून कळत नाही.

त्यासाठी वेगळ्या कसोट्या आहेत. वर्षाच्या आतील बाळाला सपाट व घट्ट गादीवर, उताणे झोपवावे. मऊ गादीत तोंड रुतले तर एवढ्याशा जिवाला मान वळवता येत नाही आणि श्वास कोंडतो. बाळाला पालथे झोपवू नये, असा सल्ला अमेरिकेतील बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने १९९२ साली दिला. १९९४ पासून तेथे त्याचा मोठा प्रचार झाला आणि पुढील दहा वर्षांत झोपेत अचानक होणाऱ्या बालमृत्यूंचे प्रमाण सुमारे निम्म्यावर आले. त्यासाठी कोणाला महाग गादी घ्यावी लागली नाही.

आता आपल्याला परवडणारे पर्याय पाहू.

(१) कापसाची गादी : पिंजाऱ्याकडून बाळाच्या मापाची भरून घ्यावी. कापूस पांढरा, स्वच्छ व समोर पिंजलेला असावा. गिरणीतला रंगीत टाकाऊ कापूस घेऊ नये. गादी दाबून भरावी आणि टाके जवळजवळ घालून घ्यावेत, म्हणजे गुठळ्या होत नाहीत. सावरीचा कापूस फार मऊ असतो, तो बाळाच्या गादीसाठी नको.

(२) काथ्याची गादी : नारळाचा काथ्या रबराच्या चिकाने बांधून ही करतात. ती घट्ट असते व हवा खेळती राहते. वर जाड सुती चादर ताणून घालावी.

(३) गोधडी : सतरंजीवर जुन्या सुती लुगड्यांच्या दोन-तीन गोधड्या सुरकुती न ठेवता अंथराव्यात. वारंवार धुतलेले कापड मऊ असते आणि गोधडी घरी धुता येते. मात्र ती बाळाच्या खाली असावी, तोंडाजवळ किंवा अंगावर नको.

गादी कोणतीही असो, तळहाताने दाबून पाहावी. हात काढताच ती पूर्ववत झाली पाहिजे. पाळण्याची कड आणि गादी यांत दोन बोटांपेक्षा जास्त फट नसावी. मोहरीची असली तरी उशी वर्षभर टाळावी. गादीवर सैल प्लास्टिक पसरू नये. ओल धरू नये म्हणून गादीला वरचेवर कडक ऊन द्यावे. फोमची गादी आधीच घेतली असेल तर वेष्टन काढून ती काही दिवस मोकळ्या हवेत ठेवावी.

एवढे करूनही चार पैसे उरले आणि सेंद्रिय वस्तू घ्यावीशी वाटली, तर गादीऐवजी चादर व दुपटी घ्यावीत. बाळाच्या अंगाला तीच लागतात आणि त्यांची किंमत गादीच्या मानाने पुष्कळ कमी असते.