नव्या एअर रायफलच्या बारीकसारीक कुरबुरी

स्प्रिंगवर चालणारी नवी एअर रायफल पहिल्या शे-दोनशे छर्‍यांत हमखास कुरकुरते. नळीतून धूर येतो, दस्ता हातात हलल्यासारखा वाटतो, आज बसलेला नेम उद्या दोन बोटे डावीकडे सरकतो. नवशिका नेमबाज आधी स्वतःच्या हाताला दोष देतो, मग रायफलीला, आणि शेवटी ती दुकानात परत नेतो. यातल्या बहुतेक तक्रारी घरच्या टेबलावर, साध्या अवजारांनी मिटतात. क्रम मात्र पाळायला हवा: आधी स्क्रू, मग नळी, मग सांधा, आणि सर्वांत शेवटी नेमाची खूण.

पार्श्वभूमी थोडक्यात. हवेच्या दाबावरची गिरांदोनी रायफल ऑस्ट्रियाच्या सैन्यात अठराव्या शतकाच्या अखेरीस होती. १० मीटर एअर रायफल ऑलिंपिकमध्ये १९८४ साली आली. अंजली भागवत २००० साली सिडनीत आणि सुमा शिरूर २००४ साली अथेन्समध्ये याच प्रकाराच्या अंतिम फेरीत पोचल्या, आणि महाराष्ट्रात घरोघरी छर्‍याची बंदूक गांभीर्याने घेतली जाऊ लागली. स्पर्धेतल्या रायफली आता साठवलेल्या हवेवर चालतात. शिकणार्‍याच्या हातात मात्र बहुधा नळी मोडून भरायची स्प्रिंगचीच रायफल असते.

कामाला बसण्यापूर्वी रायफल रिकामी असल्याची खात्री डोळ्यांनी करावी आणि नळीचे तोंड कायम भिंतीकडे ठेवावे. स्प्रिंग ताणलेली असताना उघडी नळी हाताने घट्ट धरूनच छर्रा भरावा. चाप चुकून सुटला तर नळी झटक्याने मिटते आणि बोट मध्ये सापडते.

आता स्क्रू. या विषयात सगळ्यात दुर्लक्षित आणि सगळ्यात महत्त्वाचा भाग हाच. चाप ओढल्यावर जड दट्ट्या पुढे झेपावतो तेव्हा रायफल मागे ढकलली जाते. दट्ट्या पुढच्या टोकाला जाऊन थांबतो तेव्हा ती पुढे खेचली जाते. असा उलटसुलट हिसका प्रत्येक छर्‍यामागे बसतो. दस्त्याच्या पुढच्या भागात दोन्ही बाजूंना एकेक आणि चापाच्या कड्यापाशी एक-दोन, एवढ्याच स्क्रूंवर हे सगळे धक्के येतात. लाकूड नवे असते, ते दाबाखाली किंचित बसते आणि स्क्रू सैल होतात. अर्धा फेरा सैल झालेला एक स्क्रू नेम बिघडवायला पुरतो.

उपाय सोपा, पण सावकाश करायचा. स्क्रू पूर्ण काढावा. आट्यांवर कारखान्यातले तेल चकाकताना दिसते. ते स्पिरिटमध्ये भिजवलेल्या कापडाने पुसावे, भोकातलेही टिपून घ्यावे. तेलकट आट्यांवर कोणताही गोंद धरत नाही. मग मध्यम ताकदीच्या, निळ्या थ्रेडलॉकरचा एकच थेंब लावावा. लाल रंगाचा वापरू नये, कारण तो नंतर तापवल्याशिवाय सुटत नाही. स्क्रूड्रायव्हरचे टोक खाचेत काठोकाठ बसणारे हवे. घरातला निमुळत्या टोकाचा पेचकस खाचेच्या वरच्या कडांवरच जोर देतो. एकदा घसरला की काळ्या पॉलिशमधून पांढरा ओरखडा कायमचा डोकावतो. चांगला पेचकस हीच या कामातली खरी गुंतवणूक. दोन्ही बाजू आळीपाळीने थोड्या थोड्या आवळाव्यात, आणि लाकूड चेपायच्या आत थांबावे.

धुराचे कारण वेगळे. नव्या रायफलीत जास्तीचे तेल-ग्रीस राहिलेले असते. दट्ट्याने हवा इतक्या वेगाने दाबली जाते, की ती तापून तेलाची वाफ पेटते. डिझेल इंजिनात हेच घडते. सुरुवातीच्या छर्‍यांना हलका धूर आला तर चिंता नको. पण मोठा फटाका फुटल्यासारखा आवाज येत राहिला, तर स्प्रिंग आणि दट्ट्याचे सील खराब होते. अशा वेळी हवेच्या छिद्रात शिलाई मशीनचे तेल सोडणे हा घरोघरी चालणारा उपाय आग वाढवणाराच आहे. नळी मात्र जरूर पुसावी. गळाच्या नायलॉन दोरीला कापडाची पट्टी अडकवून ती छर्रा भरण्याच्या बाजूने तोंडाकडे ओढावी, पट्टी स्वच्छ येईपर्यंत. लोखंडी गज तोंडातून खुपसू नये. तोंडाच्या कडेवरची बारीक इजाही छर्रा भरकटवते. साफसफाईनंतरचे काही छर्रे विखुरतात. आत शिशाचा थर पुन्हा बसला की घोळका जमतो.

छर्‍याचा वेग कमी-जास्त होत असेल तर नळीचा सांधा तपासावा. सांध्यावर टिश्यू पेपरची पातळ पट्टी ठेवून, मागे भक्कम अडसर असलेल्या लक्ष्यावर छर्रा मारावा. पट्टी उडाली म्हणजे तिथून हवा निसटते. सील बदलावे, किंवा त्याखाली पातळ प्लॅस्टिकची चकती कापून घालावी. छर्रा न भरता चाप ओढून पाहणे टाळावे. पुढे हवेची उशी नसल्याने दट्ट्या थेट धातूवर आपटतो.

एवढे झाल्यावरच नेमाच्या खुणेला हात लावावा. छर्रा जिकडे सरकवायचा तिकडेच मागची खूण सरकवायची. पुढची मक्षिका हलणारी असेल तर ती उलट दिशेला. २००८ साली बीजिंगमध्ये अंतिम फेरीआधीच्या सरावात अभिनव बिंद्राच्या रायफलीचा नेम अचानक ढळलेला आढळला होता. त्याने तो वेळेत सुधारला आणि सुवर्णपदक जिंकले. १० मीटरवर दहाचा ठिपका जेमतेम अर्ध्या मिलिमीटरचा असतो, हे ध्यानात घेतले की खुणेच्या एकेका टिचकीचे मोल कळते.

कोकणात आणि घाटमाथ्यावर पावसाळ्यात गंजाचाही बंदोबस्त लागतो. घामेजल्या हातांचे ठसे दुसर्‍या दिवशी तांबूस उमटतात. वापरानंतर तेलाच्या फडक्याने बाहेरून पुसावे, आणि फोमच्या बंद पेटीत रायफल महिनोन्‌महिने ठेवू नये. फोम ओल धरतो.

तीन कामे घरी करू नयेत. चापाच्या आतले पृष्ठभाग कानशीने घासले तर ताणलेली रायफल नुसत्या धक्क्याने सुटू शकते. मुख्य स्प्रिंग दाबयंत्राशिवाय काढली तर ती तोंडावर उसळते. आणि साठवलेल्या हवेच्या रायफलीचे सिलिंडर उघडू नये. त्यावरची मुदत वाचावी आणि ती संपली की सिलिंडर बदलून घ्यावे.