सुरतेचा पाद्री आंब्रोज

सुरतेचे नाव निघाले की आपल्या घरांतील मुलांनासुद्धा शिवछत्रपतींची स्वारी आठवते. बडोद्याहून मुंबईस जाताना तापीचा पूल आला म्हणजे वडीलधारी माणसे ती हकिकत हटकून सांगतात. जानेवारी 1664 मध्ये महाराज सुरतेवर आले, सुभेदार इनायतखान किल्ल्यात दडून बसला आणि धनाढ्यांच्या हवेल्या खणून निघाल्या, एवढे सर्वांस ठाऊक असते. परंतु त्या धामधुमीत एक घर जाणूनबुजून वगळले गेले, ते कोणाचे, हे फार थोड्यांच्या ध्यानी असते.

ते घर फादर आंब्रोज नावाच्या कापुचिन पाद्र्याचे होते. त्या काळी हिंदुस्थानात वावरणारा फ्रेंच वैद्य बर्निये याने ही गोष्ट आपल्या प्रवासवृत्तात नोंदविली आहे. फिरंगी पाद्री ही सज्जन माणसे आहेत, त्यांच्या वाटेस जाऊ नये, अशा आशयाची आज्ञा महाराजांनी केल्याचे तो सांगतो. इंग्रज व डच यांच्या वखारी वाचल्या त्या त्यांच्या तोफाबंदुकांमुळे. इंग्रजांचा प्रेसिडेंट सर जॉर्ज ऑक्झेंडेन याने वखारीचा नेटाने बचाव केला. पाद्र्याजवळ तोफ नव्हती. त्याच्या दाराचे रक्षण त्याच्या लौकिकाने केले.

हा लौकिक कशाचा, असा प्रश्न साहजिकच पडतो. निव्वळ प्रार्थनेचा म्हणावा, तर प्रार्थनेला इंग्रजांच्या वखारीतही तोटा नव्हता. 1689 साली विलायतेहून निघून सुरतेस आलेला ओव्हिंग्टन हा पाद्री लिहितो, की वखारीत दररोज दोन वेळा आणि रविवारी तीन वेळा उपासना होत असे. नेम चोख होता. पण त्याच्या कितीतरी आधी, सर टॉमस रो याच्या वकिलातीत 1616 साली आलेल्या एडवर्ड टेरी या पाद्र्याने आपल्याच लोकांविषयी एक बोचरी गोष्ट लिहून ठेवली आहे. इंग्रजांची जहाजे जेथे लागत त्या बंदरालगतचे आपले लोक मोडक्यातोडक्या इंग्रजीत म्हणत, की ख्रिस्ती धर्म हा सैतानाचा धर्म दिसतो. कारण हे ख्रिस्ती दारू पितात, मारझोड करतात, शिव्या देतात. टेरीने हे झाकून ठेवले नाही. आपल्या धर्माला यांच्या वागण्याने बट्टा लागतो, याचे त्याला मनापासून दुःख झाले. बंदरावरच्या माणसांनी बायबल वाचलेले नव्हते. त्यांनी वाचली ती माणसे!

आणि त्यांची कसोटी खुद्द ख्रिस्ताच्या शिकवणुकीहून वेगळी नव्हती. डोंगरावरील प्रवचनात येशू सांगतो, की वेदीपाशी अर्पण घेऊन गेलास आणि तेथे तुला आठवले, की आपल्या भावाच्या मनात आपल्याविषयी काही सल आहे, तर अर्पण तेथेच ठेव, आधी जाऊन भावाशी समेट कर आणि मग ये. शोमरोनी स्त्रीशी विहिरीवर बोलताना त्याने स्थळाचा वादही मिटविला. या डोंगरावर की यरुशलेमेत, असे तिने विचारले. देवाला आत्म्याने व खरेपणाने भजणारे लोक हवे आहेत, हा त्याच्या उत्तराचा भाव. मग देऊळ कोठलेही असो.

बर्नियेच्या हकिकतीत आणखी एक ओळ आहे आणि ती मला अधिक मोलाची वाटते. डचांचा एक हिंदू दलाल तेव्हा मरण पावलेला होता. हयातीत तो मोठा दानशूर होता असे कळल्यावरून त्याच्याही घराची गय करण्यात आली. म्हणजे पाद्र्याला एक माप आणि हिंदूला दुसरे, असे झाले नाही. दोघांकडे पाहताना पाहिले गेले ते त्यांचे वागणे.

मग सत्कृत्य पुरेसे आहे, भजनपूजनाची गरजच काय, असे कोणी म्हणेल. या शंकेचे उत्तर आपल्या मराठीतच रेव्हरंड नारायण वामन टिळक यांच्या आयुष्यात सापडते. 1895 साली त्यांनी बाप्तिस्मा घेतला. पण तुकोबांच्या पुलावरून आपण ख्रिस्तापाशी आलो, असे ते म्हणत. विलायती चालीवर भाषांतरित गीते म्हणणाऱ्या मंडळीला त्यांनी अभंग दिला, कीर्तन दिले. परक्या भाषेतील प्रार्थना ओठांवर राहते, आईच्या भाषेतील काळजात उतरते, हे त्यांनी ओळखले होते. आणि जे काळजात उतरले ते हातापायांत आल्यावाचून राहिले नाही: 1917 मध्ये मिशनची पगारी चाकरी सोडून त्यांनी ‘देवाचा दरबार’ मांडला. उत्पन्नाची शाश्वती गेली, घरची ओढाताण ठरलेलीच. भजनाने जे बळ दिले नसते, तर हे पाऊल कोठून पडते?

तेव्हा उपासना आणि आचरण ही दोन खाती नव्हेत. उपासना म्हणजे जवळ बसणे. शेकोटीजवळ बसलेल्याच्या अंगाला ऊब येते; आली नाही, तर तो दूरच बसला होता असे समजावे.

सुरतेत ऑक्झेंडेनची भव्य घुमटी कबर प्रवासी आवर्जून पाहतात. ती पाहावीच, माणूस शूर होता. पण परतताना क्षणभर त्या पाद्र्याच्या दाराची आठवण करावी. आपल्याही देवघरांत तिन्हीसांजेला निरांजन लागते, आरती होते. आरती आटोपून आपण वळतो, तेव्हा समोर मोलकरीण असते, दारी कोणी आलेला असतो, अबोला धरलेला भाऊ शेजारच्या खोलीत असतो. आपली उपासना कोठवर पोहोचली, हे त्यांना विचारावे. ते खरे सांगतील.