मुक्कामाचा शेवटचा दिवस

विदर्भातल्या वणीहून कोकणातल्या तारकर्लीला जायचे म्हणजे अख्खा महाराष्ट्र आडवा पार करायचा. एवढ्या लांब गेलेले कुटुंब पंधरा दिवस राहते आणि शेवटचा दिवस मात्र बॅगा भरण्यात, मालवणी मसाला अन् कोकमाच्या खरेदीत घालवते. हा दिवस समुद्रालाच द्यावा, असे माझे ठाम मत आहे. १९९३ साली मानसशास्त्रज्ञ डॅनियल कानेमन आणि सहकाऱ्यांनी लोकांना १४ अंशांच्या गार पाण्यात मिनिटभर हात बुडवायला लावला. दुसऱ्या खेपेला त्या मिनिटाला आणखी ३० सेकंद जोडले, पण त्यात पाण्याचे तापमान हळूहळू अंशभर वाढवले. पुन्हा करायचे तर बहुतेकांनी लांबलेला त्रासच पत्करला. शेवट सुसह्य झाला की आठवण बदलते.

यावरचा आक्षेप रास्त आहे: मिनिटांच्या प्रयोगावरून पंधरवड्याचा निष्कर्ष कसा काढायचा? २००८ मध्ये सुट्ट्यांवरच झालेल्या अभ्यासात शेवटापेक्षा सर्वांत वेगळा, लक्षात राहिलेला दिवसच एकूण आठवणीशी जास्त जुळला. पण त्याने माझा मुद्दा पक्काच होतो. लांब मुक्कामात दिवस एकसारखे होऊ लागतात. शेवटचा वेगळा करणे आपल्या हाती असते. भरती रोज सुमारे ५० मिनिटे उशिरा येते, त्यामुळे पंधरवड्याने तिच्या वेळा जवळपास पहिल्या दिवसासारख्या होतात, म्हणजे शेवटच्या दिवशी ओहोटी कधी, याचा अंदाज आधीच असतो. ओहोटीला निवांत बसले, तर इवले खेकडे वाळू चाळून बिळाभोवती तिच्या गोळ्या मांडताना दिसतात. घाईच्या माणसाला ते दिसत नाहीत. राहिली सामानाची अडचण. बॅगा आदल्या रात्री भराव्यात, खरेदी त्याआधीच उरकावी.