बंद फोनमधले फोटो कुठे असतात?

पालघर, बोईसर-तारापूरच्या खाऱ्या, दमट हवेत फोनच्या चार्जिंगच्या खाचेत हिरवट गंज चढतो आणि कपाटातला जुना फोन चालूच होत नाही. म्हणून फोटो गेलेच, असं नाही. बहुधा बिघडते ती बॅटरी, खाच किंवा स्क्रीन. फोटो असतात वेगळ्या मेमरी चिपमध्ये, सूक्ष्म कप्प्यांत कोंडलेल्या विद्युतभाराच्या रूपात, आणि तो विजेविनाही वर्षानुवर्षं टिकू शकतो. मग चिपच काढून दुसऱ्या फोनात का बसवू नये? कारण अलीकडच्या बहुतेक फोनांत माहिती कुलूपबंद असते आणि किल्लीचा एक भाग मूळ प्रोसेसरमध्येच असतो. चिप म्हणजे नुसती तिजोरी! म्हणून चिप आणि प्रोसेसर दोन्ही ज्यावर बसवलेले असतात तो जुना बोर्डच दुरुस्त करून थोडा वेळ चालू करावा लागतो. पासवर्डही आठवायला हवा. तोवर ओलसर फोन चार्जरला लावू नये, कारण वीज मिळताच गंज झपाट्याने वाढतो.