कॅमेऱ्याची बॅग आणि वऱ्हाडातली धूळ

कॅमेरा घेतला की दुकानदार सोबत एक काळी बॅग फुकट देतो. वर कंपनीचं नाव ठळक अक्षरांत, आत फोमचे दोन पडदे, खांद्याला दोन बोटं रुंदीचा पट्टा. अनेकांची पहिली बॅग हीच, आणि कित्येकांची शेवटचीही. लेन्सवर चाळीस-पन्नास हजार घालणारा माणूस बॅगेच्या बाबतीत मात्र ‘काय ठेवायचं आहे तिच्यात’ म्हणून मोकळा होतो. सल्ला घ्यायचाच झाला तर तो परदेशी व्हिडिओंतून. त्यांत बर्फ असतो, रिमझिम असते, विमानतळ असतात. आपल्याकडे असते काळ्या मातीची धूळ, मे महिन्यातलं चव्वेचाळीस अंशांचं ऊन, एसटीची खिडकी, मोटारसायकल आणि मेळघाटातली जिप्सी. अमरावती-अकोल्याकडच्या फोटो काढणाऱ्या मंडळींमध्ये बॅग आणि पट्ट्याविषयी ज्या समजुती पक्क्या झाल्या आहेत, त्यांतल्या बऱ्याचशा या फरकातून आल्या आहेत.

‘मोठीच घ्या, जागा पुढे कामी येते’

जागा कामी येते, पण कॅमेऱ्याच्या नव्हे. तिच्यात आधी चार्जर जातो, मग पाण्याची बाटली, मग चिवड्याचा पुडा, शेवटी घरच्यांचे गॉगल. गाविलगड किल्ल्याच्या दुसऱ्या दरवाज्याशी पोचेपर्यंत खांदा बोलू लागतो आणि बॅग गाडीतच ठेवलेली बरी, असं वाटायला लागतं. जी बॅग गाडीत राहते, तिच्यातल्या कॅमेऱ्याने फोटो निघत नाहीत.

वजनं एकदा पाहून घ्या. कॅननचा १५०० डी बॅटरीसह ४७५ ग्रॅम, त्याची नेहमीची १८-५५ लेन्स धरून पावणेसातशेच्या आसपास. आर ५० आणि त्याची छोटी झूम मिळून साधारण पाचशे. पक्षी टिपणाऱ्यांचा लाडका निकॉनचा पी ९०० सुमारे नऊशे ग्रॅम. म्हणजे एक कॅमेरा, एक जास्तीची लेन्स, दोन बॅटऱ्या आणि कापड धरलं तरी बहुतेकांचा संसार दीड किलोत आटोपतो. एवढ्यासाठी पाठीवर कपाट नको.

माप घ्यायची रीत सोपी आहे. कॅमेऱ्याला लेन्स लावून, हूड उलटा बसवून तो टेबलावर ठेवा आणि लांबी, रुंदी, उंची मोजा. प्रत्येकी एक-दीड सेंटिमीटर वाढवा. हे बॅगेचं आतलं माप. लेबलवर ठळक छापलेलं माप बहुधा बाहेरचं असतं, आणि लिटरच्या आकड्यात काही कंपन्या बाहेरचे खिसेही मोजतात. त्यापेक्षा कॅमेराच दुकानात न्यावा आणि त्याच बॅगेतून एका हाताने तो काढून, परत ठेवून पाहावा. दुसऱ्या हाताची गरज पडली तर बॅग नापास.

सहाशे मिलिमीटरच्या लेन्सवाले म्हणतील, आमचं काय? सिग्माची १५०-६०० एकटीच एक किलो ९३० ग्रॅम भरते. ती छोट्या बॅगेत मावत नाही आणि कोंबायलाही जाऊ नये, तिच्यासाठी वेगळी बॅग लागते. पण मेळघाटात ती हवीच का, हा प्रश्न विचारून घ्यावा. १९७३-७४ मधल्या देशातल्या पहिल्या नऊ व्याघ्र प्रकल्पांपैकी मेळघाट एक असला, तरी हा सागवान-बांबूचा डोंगराळ मुलूख आहे. ताडोब्यासारखं तळ्याकाठी वाघाचं दर्शन इथे सहसा घडत नाही. दऱ्या, रानगवे, कोरकू गावांतल्या भिंती, सिपना नदीचं वळण हे इथलं धन, आणि ते टिपायला तोफ लागत नाही.

‘लेबलवर वॉटरप्रूफ लिहिलंय’

लिहिणाऱ्याने कापडापुरतं लिहिलेलं असतं. कापडावर आतून लेप असतो, त्यातून पाणी जात नाही. ते जातं चेनमधून आणि शिलाईच्या भोकांतून. चिखलदऱ्याचा पाऊस तर वरून पडतच नाही, ढगच तुमच्यातून चालत जातो. देवी पॉइंटला तासभर उभे राहा, छत्री उघडी असूनही पट्टा, फोम, पाठ सगळं दमट होतं. बॅगेसोबत येणारं पावसाळी आवरणही पाठीच्या बाजूने उघडं असतं, त्यामुळे अंगावरून ओघळणारं पाणी थेट पाठीच्या फोममध्ये मुरतं. आवरण घालाच, पण कॅमेरा आत जाड प्लास्टिकच्या पिशवीत असू द्या. दहा रुपयांची ती पिशवी लेबलपेक्षा विश्वासू.

आणखी एक. तो आतला लेप बहुधा पॉलियुरेथेनचा असतो आणि तो अमर नाही. उष्णता आणि दमटपणा यांच्या आलटून-पालटून माऱ्याने काही वर्षांत चिकट होतो, मग पापुद्रे सुटतात. जुन्या बॅगेचं आवरण उघडताना चर्रर्र आवाज आला आणि बोटाला चिकटा लागला, तर समजावं की त्याचं पाणी अडवणं संपलं.

‘एसी डब्यातून उतरलं की लेन्सवर वाफ धरतेच’

हे पावसाळ्यात खरं, उन्हाळ्यात नाही. कारण गणिताचं आहे. मे महिन्यात अकोल्याला दुपारी ४४ अंश तापमान आणि १५ टक्के आर्द्रता असेल, तर हवेचा दवबिंदू १२ अंशांच्या आसपास असतो. तुमचा एसी डबा २३-२४ अंशांवर. कॅमेरा दवबिंदूपेक्षा गरमच, मग त्यावर पाणी धरणार कसं? ऑगस्टात मात्र ३० अंश आणि ८० टक्के आर्द्रता असली की दवबिंदू २६ वर जातो. मुंबईहून अमरावती एक्सप्रेसने येऊन बडनेऱ्याच्या फलाटावर कॅमेरा बाहेर काढला की काच धुकटते ती यामुळे. इलाज एवढाच की बॅग अर्धा-पाऊण तास बंद ठेवायची. फोम जेवढा जाड, तेवढा वेळ जास्त, कारण जाड फोम आतला गारवाही सांभाळून ठेवतो.

उन्हाळ्यातलं खरं संकट उष्णतेचं. बहुतेक कॅमेऱ्यांच्या पुस्तिकेत वापराची मर्यादा ४० अंश दिलेली असते, म्हणजे आपल्याकडची मे महिन्यातली सावलीसुद्धा नियमाबाहेर. लगेच काही बिघडत नाही, पण बंद गाडीत किंवा स्कूटीच्या डिक्कीत बॅग ठेवून जेवायला बसणं महागात पडतं. डिक्कीत तर खालून इंजिनची धग आणि वर खड्ड्यांचे हादरे. काळी बॅग उन्हात ठेवावीच लागली तर तिच्यावर पांढरा दुपट्टा टाका. शेतावर जाणारी माणसं डोक्याला बांधतात तोच.

बुरशीचा धाक वऱ्हाडात जरा जास्तच घालतात. कोकणाच्या मानाने इथली हवा वर्षातले कित्येक महिने कोरडी. पण जुलै ते सप्टेंबर कॅमेरा बॅगेत बंद करून कपाटात टाकला, तर बुरशीला लागतो तो अंधार आणि दमटपणा दोन्ही तिथे तयार मिळतात. त्यात बॅग चामड्याची असेल तर बुरशी आधी तिच्यावरच धरते. या काळात कॅमेरा बॅगेत नव्हे, झाकणाच्या घट्ट डब्यात सिलिका जेलसोबत ठेवावा. निळे दाणे गुलाबी झाले की त्यांनी पाणी पिऊन झालं. तापवले की पुन्हा निळे होतात, पण स्वयंपाकाच्या भांड्यात तापवू नका. तो निळा रंग कोबाल्टच्या क्षाराचा असतो आणि तो पोटात जाण्याजोगा नाही.

‘चेन लावली की धूळ बंद’

जिप्सी सेमाडोहच्या कच्च्या रस्त्याला लागली की धुळीचा लोट मागच्या बाकावर येतो. चेन बंद असली तरी बारीक माती दातांमधून आत जाते आणि फोमच्या लवेत बसते. तिथून ती जाते कुठे? प्रत्येक वेळी कॅमेरा आत ठेवताना लेन्सवर आणि सेन्सरच्या तोंडाशी. म्हणून बॅगेच्या पोटात हात घालून, आडोसा समजून लेन्स बदलणाऱ्यांना थांबवावंसं वाटतं. प्रवासात सगळ्यात मळकी जागा तीच असते. त्यापेक्षा वाऱ्याकडे पाठ करून, कॅमेऱ्याचं तोंड खाली धरून उघड्यावर बदललेली बरी. घरी आल्यावर पडदे काढून बॅग उलटी झटका, व्हॅक्यूमची नळी कोपऱ्यांतून फिरवा. चेनचे दात जुन्या टूथब्रशने घासून त्यांवर मेणबत्ती ओढली की रनर पुन्हा लोण्यासारखा चालतो.

आणि व्हेल्क्रो! बाजारात तिला मजबुतीची खूण समजतात. स्वित्झर्लंडच्या जॉर्ज द मेस्त्राल यांना तिची कल्पना १९४१ मध्ये सुचली, ती कुत्र्याच्या केसांत अडकलेली काटेरी फळं पाहून. आपल्या रानात ती तिच्या मूळ धर्माला जागते. पावसाळा सरताना नरनाळ्याच्या गवतातून चालून या आणि झाकणाची आकड्यांची बाजू पाहा: कुसळं, गवताचे तुरे, एखादं गोखरू, सगळं तिने गोळा केलेलं असतं. अकोल्याच्या जिनिंगमध्ये फोटो काढायला गेलात तर रुईचे तंतू तिच्यात असे विणले जातात की सुईने उपसावे लागतात, आणि मग झाकण धड चिकटतही नाही. शिवाय तिचा फर्रर्र आवाज. चितळ मान वर करतं ते तुम्हाला पाहून नव्हे, तुमची बॅग ऐकून. जंगलासाठी चेन किंवा बक्कल पाहा. चुंबकाचं बक्कलही चालेल. त्याने मेमरी कार्ड पुसलं जातं ही भीती फोल आहे, कारण कार्डात फ्लॅश मेमरी असते आणि तिला अशा चुंबकाचं काही वाटत नाही. काळी पट्टी असलेलं बँकेचं कार्ड मात्र त्या कप्प्यात ठेवू नका.

पट्ट्याचं प्रकरण

बॅगेपेक्षा जास्त गैरसमज पट्ट्याविषयी आहेत आणि मोडतोडही पट्ट्यामुळेच जास्त होते.

कॅमेऱ्याचा पाऊच कमरेला बांधला की वजन कमी होतं, असं म्हणतात. वजन तेवढंच राहतं, ते फक्त मानेवरून कमरेच्या हाडांवर उतरतं. तेही पट्टा चार बोटं रुंद आणि हाडांच्या वर आवळून बसवलेला असेल तर. नुसत्या अरुंद पट्टीला पाऊच ओवला तर तो चालताना घसरत मांडीवर येतो. गाविलगडासारख्या चालण्याला रुंद कंबरपट्टा उत्तम. तोच घालून एसटीत किंवा जिप्सीत बसलात की पाऊच पोट आणि मांडी यांच्या मधोमध रुततो. मोटारसायकलवर तर तो टाकीवर आपटतो. बसायचं असेल तेव्हा पाऊच पाठीकडे फिरवावा, आणि दिवसाचा बहुतेक वेळ बसूनच जाणार असेल तर तिरका पट्टा घ्यावा. तुमचा दिवस चालण्यात जातो की बसण्यात, हे आधी ठरवा. कॅमेऱ्याचं मॉडेल नंतर.

तिरका पट्टा लांब सोडून कॅमेरा मांडीशी झुलवायची फॅशन आहे. रस्त्यावर, इतवारा बाजारात ठीक. जिप्सीत उठून उभं राहताना तोच कॅमेरा लोखंडी दांडीवर आदळतो, आणि आदळतो तो लेन्सच्या तोंडाने. जंगलात पट्टा एवढा आखूड करा की कॅमेरा बरगड्यांच्या खालच्या कडेला टेकेल. ओढणी असेल तर पट्टा तिच्यावरून घ्या, खालून घेतला की ऐन वेळी दोन्ही एकमेकांत अडकतात.

ट्रायपॉडच्या भोकात स्क्रूने बसणारा पट्टा सगळ्यात भक्कम, हीदेखील लोकप्रिय समजूत. पाव इंची स्क्रू वजन सहज पेलतो, पण चालताना कॅमेरा सतत थोडा थोडा फिरतो आणि स्क्रू सैल होत जातो. तो वापरायचाच असेल तर दर काही तासांनी बोटाने आवळा, आणि कॅमेऱ्याच्या कडीतून एक आधाराची दोरी वेगळी घ्या.

साध्या पट्ट्याचं टोकही बहुतेक जण चुकीचं ओवतात. कॅमेऱ्याच्या कडीतून काढून पट्टा बक्कलमध्ये परत घालताना शेपूट बाहेर लोंबत सोडतात. ते आतून, आधीच्या थराखालून ओवावं, म्हणजे दोन थरांमध्ये दाबलं जातं. चार-पाच सेंटिमीटर शेपूट उरू द्या आणि पहिल्यांदा दोन्ही हातांनी हिसका देऊन पाहा. सुटायचं असेल तर ते तुमच्या घरातल्या गादीवर सुटू द्या, चिखलदऱ्याला भीमकुंडाच्या कठड्यावर नको.

बाकी थोडक्यात

कंपनीच्या नावाची बॅग पाहून चोराला आत काय आहे ते न विचारता कळतं. नवरात्रात अंबादेवी-एकवीरेच्या गर्दीत किंवा शेगावला जाताना ते नाव आतल्या बाजूला वळवा किंवा शिवणीतून उसवून टाका. चेनचे दोन रनर एका छोट्या कडीने जोडले तर भुरट्या हाताला तेवढाही अडसर पुरतो.

एप्रिल २०२५ पासून अमरावतीच्या बेलोरा विमानतळावरून मुंबईचं विमान मिळू लागलं. त्या मार्गावरचं एटीआर विमान छोटं, डोक्यावरचे कप्पे अरुंद. मऊ, छोटी बॅग सीटखाली सरकते, ताठ पेटीसारखी अडकते. ‘बॅटऱ्या सामानात टाका, हातातल्या बॅगेत चालत नाहीत’ असं कोणी सांगितलं तर ऐकू नका. नियम नेमका उलटा आहे. जास्तीच्या लिथियम बॅटऱ्या सोबतच न्यायच्या, टोकांना टोपी किंवा चिकटपट्टी लावून. शंभर वॉट-तासांपर्यंतच्या बॅटरीला वेगळी परवानगी लागत नाही, आणि कॅमेऱ्याची बॅटरी साधारण ६ ते १६ वॉट-तासांची असते.

महागडा पट्टा नसेल तर गाड्यांच्या सीट कव्हरवाल्याकडे जा. त्याच्याकडे जाड नायलॉनची पट्टी, दाट फोम आणि चामडं शिवणारं मशीन तिन्ही असतात. जुन्या पट्ट्यावर चार बोटं रुंदीचा फोम चढवून तो अर्ध्या तासात देतो. फक्त शिलाई चौकोन करून आत फुलीची मारायला सांगा, नुसत्या दोन आडव्या रेघांची नको. आणि बॅगेचा रनर गेला म्हणून ती टाकायला निघालात, तर चेन बसवणारा बहुधा तुमच्या हातून ती घेतच म्हणेल, ‘कायले फेकता भाऊ, रनरच तं गेला.’