किरमिजी तिकिटाची दुसरी प्रत

ब्रिटिश गयानाचं १८५६ सालचं एक सेंटचं किरमिजी तिकीट जगात एकच आहे, हे तिकिटं जमवणाऱ्या प्रत्येकाला पाठ असतं. आणि दुसरं कुठेतरी असेलच, ही आशाही प्रत्येकाच्या मनात असते. गेल्या दीडशे वर्षांत ही आशा कितीदा पालवली आणि दर वेळी तिला कोणत्या कसोटीला उतरावं लागलं, हे पाहिलं की तिकीटसंग्रहाचा छंद एवढा गंभीर कसा झाला ते कळतं.

मुळात हे तिकीट म्हणजे वेळ मारून नेण्याची सोय होती. लंडनहून येणारी तिकिटं संपत आली, तेव्हा जॉर्जटाउनचे पोस्टमास्तर डाल्टन यांनी 'ऑफिशियल गॅझेट'च्या छापखान्याकडून, म्हणजे बॉम आणि डॅलस यांच्याकडून, कामचलाऊ तिकिटं छापून घेतली. किरमिजी कागदावर काळी शाई, आणि मधे छापखान्याने आपल्याच मनाने टाकलेलं एक जहाज. डाल्टनना हे काम पसंत पडलं नाही. नक्कल होईल या धास्तीने त्यांनी हुकूम काढला की विकण्याआधी प्रत्येक तिकिटावर कारकुनाने आद्याक्षरं घालावीत. आज उरलेल्या प्रतीवर 'ई. डी. डब्ल्यू.' ही वाइट नावाच्या कारकुनाची अक्षरं दिसतात आणि त्यांवर डेमेराराचा काळा शिक्का बसलेला आहे.

याच धर्तीवर चार सेंटचं तिकीटही निघालं. ते पत्रांसाठी होतं, एक सेंटचं वर्तमानपत्रांसाठी. पत्रं लोक वर्षानुवर्षं जपून ठेवतात, पण वर्तमानपत्राचं वेष्टण फाडलं की केरातच जातं. म्हणून चार सेंटची तिकिटं बऱ्यापैकी टिकली आणि एक सेंटची नाहीशी झाली. पुढच्या साऱ्या संशयाचं मूळ या चार सेंटच्या भावंडात आहे.

१८७३ मध्ये व्हर्नन व्हॉन या बारा वर्षांच्या मुलाला घरातल्या जुन्या कागदांत हे तिकीट मिळालं. चारही कोपरे कापलेले, रंग मळलेला. त्याला अल्बमसाठी परदेशी, देखणी तिकिटं हवी होती, म्हणून त्याने ते मॅकिनन नावाच्या स्थानिक संग्राहकाला सहा शिलिंगांना देऊन टाकलं. मॅकिननलाही एवढ्या खराब तिकिटाला पैसे मोजावेत की नाही, असं झालं होतं. १८७८ मध्ये लिव्हरपूलच्या रिडपाथने मॅकिननचा सगळा संग्रहच १२० पौंडांना घेतला आणि हे तिकीट फेरारी नावाच्या बड्या संग्राहकाला विकलं. फेरारीने आपला संग्रह बर्लिनच्या टपाल संग्रहालयाच्या नावे केला होता. पण पहिल्या महायुद्धानंतर फ्रेंच सरकारने तो शत्रूची मालमत्ता म्हणून जप्त करून लिलावात काढला. १९२२ मध्ये अमेरिकेतल्या युटिकाचा उद्योगपती आर्थर हाइंड याने हे तिकीट सुमारे ३६ हजार डॉलरना घेतलं.

किंमत चढली तशी कुजबुजही वाढली: चार सेंटच्या तिकिटातला 'चार' खरवडून कोणी 'एक' केला असेल तर? हाइंडच्या मृत्यूनंतर, १९३५ मध्ये, लंडनच्या रॉयल फिलाटेलिक सोसायटीच्या तज्ज्ञांनी ते बारकाईने तपासून अस्सल ठरवलं. या तपासणीचं मोल मला कोणत्याही लिलावाच्या आकड्यापेक्षा जास्त वाटतं. शंका उघड विचारली गेली आणि तिला हातात भिंग घेऊन उत्तर दिलं गेलं.

आशेच्या बाजूची सर्वांत प्रसिद्ध कथा हाइंडचीच आहे. एक अनोळखी माणूस दुसरी प्रत घेऊन आला, हाइंडने ती विकत घेतली आणि त्याच्यासमोरच सिगारने पेटवून दिली, म्हणजे आपलं एकमेव राहील. ही कथा त्याच्या मृत्यूनंतर पसरली. तिला पुरावा नाही, आणि पुरावाच जळून गेल्याचं सांगणाऱ्या कथेला तो मिळणारही नाही. तरी ती लोक विसरत नाहीत, कारण दुसरी प्रत होती एवढं तरी ती सांगते.

१९९९ मध्ये आशा प्रत्यक्ष तपासणीच्या टेबलावर आली. जर्मनीतल्या ब्रेमेनमधून दुसऱ्या प्रतीचा दावा झाला आणि रॉयल फिलाटेलिकने ती दोनदा तपासली. दोन्ही वेळा निष्कर्ष एकच: चार सेंटचं किरमिजी तिकीट, अक्षरं बदललेलं. पहिल्या तिकिटावर घेतलेला आक्षेप दुसऱ्याच्या बाबतीत खरा निघाला.

मूळ तिकीट दरम्यान हात बदलत राहिलं. १९८० मध्ये जॉन ड्यू पॉन्टने ९ लाख ३५ हजार डॉलर मोजले, २०१४ मध्ये स्टुअर्ट वाइट्झमनने सुमारे ९५ लाख. २०२१ मध्ये स्टॅन्ली गिबन्स या तिकीटविक्री कंपनीने ते सुमारे ८३ लाखांना घेतलं, म्हणजे सात वर्षांत किंमत उतरली. एकापाठोपाठ एक मालकांनी मागच्या बाजूला आपली खूण उठवली आहे. वाइट्झमन बुटांचा व्यापारी, त्याने उंच टाचेचा बूट काढला. इतक्या नाजूक वस्तूवर असं करणं मला कधीच रुचलं नाही, पण याच खुणांमुळे या प्रतीची अदलाबदल करणं अशक्य झालं आहे, हेही मान्य करायला हवं.

आपल्याकडे ही ओढ १९४८ च्या दहा रुपयांच्या गांधी तिकिटाभोवती आहे. ज्यावर काळ्या अक्षरांत 'सर्व्हिस' छापलं आहे, ते फक्त गव्हर्नर जनरलच्या कामकाजासाठी, शंभरच संच काढलेलं. आजोबांच्या अल्बममधलं गांधी तिकीट हातात घेऊन कोणी विचारतं तेव्हा त्याचे डोळे चमकलेले असतात, आणि त्याला उत्तर देणं जड जातं. साध्या तिकिटावर 'सर्व्हिस' उठवलेल्या नकला बाजारात भरपूर आहेत. इथे गांधींच्या चेहऱ्यापेक्षा अक्षरांचं वळण, शाई आणि ठशाची जागा आधी पाहावी लागते, आणि तज्ज्ञांच्या दाखल्याशिवाय एक रुपयाही मोजू नये.

गयानाची दुसरी प्रत सापडणारच नाही, असं मी म्हणणार नाही. पहिलीही एका घरच्या कागदांतच पडून होती. पण ती आली तर 'एक' या शब्दाखालचा कागद खरवडलेला नसावा लागेल, अक्षरं त्याच छापखान्याच्या टाइपाशी जुळावी लागतील, आणि कारकुनाची आद्याक्षरं शिक्क्याच्या खाली असावी लागतील, वर नव्हे.